फ्रान्सला शिकायला गेल्यावर रोजची फ्रेंच तोंडात बसवायची कशी : पायरीपायरीने

अकरावी-बारावीला स्कोअरिंग म्हणून फ्रेंच घेतलेली पोरं आपल्याकडे ढिगाने सापडतील, मी त्यातलीच एक. कुडाळहून पुण्याला आले, ज्युनिअर कॉलेजला फ्रेंच घेतली, मार्क मस्त पडले, मग इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत सगळं धुऊन गेलं, आणि मास्टर्सला लिओंला जायचं नक्की झाल्यावर परत एकदा ए२ लेव्हलचा क्लास लावून सर्टिफिकेट घेतलं नि विमानात बसले. कोर्स इंग्लिशमधूनच होता म्हणून निवांत होते.

पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या बेकरीत गेले. जिन्यातून उतरताना वाक्य घोकलेलं, 'बोंझूर, यून बागेत सिल व्हू प्ले', म्हणजे नमस्कार, एक बागेत (त्यांचा लांबट ब्रेड) द्या, ते व्यवस्थित म्हटलं, बाईने ब्रेड कागदात गुंडाळला आणि विचारलं 'ए आव्हेक ससी?' मला कळेना, मी आपलं हसून 'वी', म्हणजे हो, म्हटलं. ती थांबली. मीही थांबले. तिने परत विचारलं, मी परत 'वी'. मागे सात-आठ माणसांची लाईन. शेवटी मागच्या आजोबांनी हळूच विचारलं 'से तू?' तेव्हा ट्यूब पेटली, एवढंच का असं विचारतायत. 'ए आव्हेक ससी' म्हणजे शब्दशः 'आणि याच्यासोबत?', थोडक्यात आपल्या वाण्याचं 'अजून काय देऊ?'. त्याचं उत्तर 'स सरा तू, मेर्सी', म्हणजे बस, एवढंच.

गंमत अशी की 'आव्हेक' मला येत होता, 'ससी' पण येत होता, दोन्ही परीक्षेत लिहिलेत. पण त्या काउंटरवर, त्या स्पीडने, एकत्र आले तेव्हा ते माझे शब्द नव्हते. पुस्तकातल्या याद्या विषयवार असतात, रंग, प्राणी, फळं, नातेवाईक. मला फ्रेंचमध्ये जिराफ येत होता आणि नळ येत नव्हता. त्यामुळे खाली जे सांगतेय ते विषयवार नाहीये, जागेवार आहे. तुमचे पाय दिवसभरात जिथे जातात त्या क्रमाने शब्द घ्यायचे, आणि एकेक जागा पक्की झाली की पुढची.

आधी वही

ॲप नंतर, आधी एक शंभर पानी वही घ्या, इथूनच नेलीत तर बरं, तिकडे वह्या महाग पडतात आणि चौकोनांच्या असतात. डाव्या पानावर फ्रेंच स्पेलिंग, त्याच्या खाली देवनागरीत जसं ऐकू आलं तसं, आणि उजव्या पानावर मराठीत अर्थ. इंग्लिशमधून अर्थ लिहू नका, मी पहिले दोन महिने लिहिला आणि प्रत्येक शब्द डोक्यात दोन बस बदलून यायला लागला. मराठीत कधीकधी थेट जोडी सापडते. औषधाच्या कागदावर 'आ झँ' लिहिलेलं असतं, त्याला आपल्याकडे नेमका शब्द आहे, अनशापोटी. झालं, परत विसरणं नाही.

देवनागरी का, तर फ्रेंच स्पेलिंग वाचून उच्चार करायला गेलात तर फसाल. पाण्याचा शब्द तीन अक्षरांत लिहितात आणि ऐकू येतो नुसता 'ओ'. पण एक सावधगिरी, देवनागरी पण दोन-तीन ठिकाणी दगा देते. त्यांचा एक स्वर आहे, तोंड आतून 'ई'चं ठेवायचं आणि ओठ 'ऊ'सारखे गोल करायचे, तो आपण 'यू' लिहितो पण तो 'यू' नाही. हे मी का सांगतेय, तर वर म्हणजे 'दस्यू' आणि खाली म्हणजे 'दसू', फरक तेवढ्या एका स्वराचा. बाथरूमच्या छतातून पाणी गळत होतं तेव्हा मी फोनवर प्लंबरला सांगितलं की गळती खालच्या मजल्यावरून येतेय. तो माणूस बराच वेळ गप्प होता.

अनुनासिक स्वरांत मात्र आमची चांदी आहे. 'व्हाँ' म्हणजे वारा, 'व्हँ' म्हणजे वाईन, 'व्हों' म्हणजे ते जातात, तिन्ही नाकातून. पुण्यामुंबईच्या मुलांना हे एकसारखेच ऐकू येतात, पण ज्याच्या घरी 'काय झालां' असं मालवणीत बोलतात किंवा जो गोव्यात कोकणी बोलत वाढलाय त्याचं नाक आधीच तयार असतं.

आणि नाम कधीही एकटं लिहायचं नाही, त्याचं 'अँ' (पुल्लिंगी 'एक') किंवा 'यून' (स्त्रीलिंगी 'एक') सोबत लिहायचं. लिंगाची आपल्याला सवय आहेच, आपल्याकडे तो रस्ता पण ती वाट, कुणी विचारतं का का म्हणून? फक्त आपली लिंगं तिकडे चालत नाहीत. आपली बस ती, त्यांचा बस तो, ट्रेनचंही तेच, आणि आपलं ते टेबल तिकडे ती. त्यामुळे 'बस' नाही लिहायचं, 'अँ ब्यूस' लिहायचं, तोंडात जोडीनेच बसू दे.

पहिले दहा दिवस घरातच

ही युक्ती मला कुणी सांगितली नाही, पैसे भरून शिकले. फ्रान्समध्ये भाड्याचं घर घेताना 'एता दे ल्य' नावाचा कागद करतात, म्हणजे ताबा घेताना घरात काय कुठल्या अवस्थेत आहे त्याची खोलीवार नोंद. भिंत, फरशी, दार, खिडकी, नळ, बटणं, सगळं. घर सोडताना परत तसाच कागद करतात, दोन्ही ताडून बघतात आणि फरक निघाला तर डिपॉझिटमधून कापतात. माझ्या पहिल्या घराच्या एजन्सीच्या माणसाने वीस मिनिटांत तो उरकला, मी सगळ्याला 'दाकोर, दाकोर', म्हणजे ठीक आहे, ठीक आहे, करत सही ठोकली. किचनच्या ओट्यावर आधीच चरे होते. चऱ्याला 'रेय्यूर' म्हणतात आणि ओट्याला 'प्लाँ द त्राव्हाय', हे मला तेव्हा कळलं जेव्हा वर्षभराने त्याचे ८० युरो कापले गेले.

तर पहिल्या घरात हातात येणारी सगळ्यात चांगली शब्दांची यादी म्हणजे हाच कागद. फुकट, खोलीवार, आणि ज्या वस्तूचं नाव आहे ती वस्तू समोर. कॉपी घ्या, हातात पेन्सिल घेऊन घरभर फिरा आणि प्रत्येक शब्दाला वस्तूवर बोट ठेवा. भांडी घासायचं सिंक 'एव्हिए', तोंड धुवायचं बेसिन 'लाव्हाबो', त्यांच्यासाठी हे दोन संपूर्ण वेगळे शब्द आहेत. नळ 'रोबिने', प्लग लावायचं सॉकेट 'प्रीझ', बल्ब 'आँपूल', खिडकीबाहेरची झडप 'व्होले', हीटिंग 'शोफाझ' (नोव्हेंबरात हा शब्द तुम्ही दिवसातून चारदा वापराल), डाग 'ताश', गळती 'फ्वीत'. कायद्याने ताबा घेतल्यापासून १० दिवसांच्या आत या कागदात राहून गेलेलं काही घालायला सांगता येतं, म्हणून मी सगळ्यांना सांगते की पहिले दहा दिवस बाकी काही नको, घर पाठ करा. दहा दिवसांत पन्नासेक शब्द होतात आणि वर पैसे वाचतात.

याच सुमाराला कागदपत्रांचे पाच-सहा शब्द लागतात तेही याच वहीत. भाडेकरार 'बाय', आपल्या लीव्ह अँड लायसन्ससारखा. डिपॉझिट 'देपो द गाराँती', बोलताना लोक त्याला 'कोस्यों' म्हणतात, आणि घोळ असा की जामीन राहणाऱ्या माणसालाही 'कोस्यों'च म्हणतात. रहिवासी पुरावा 'झ्युस्तिफिकातिफ द दोमिसील', तो बँक मागते, फोनवाला मागतो, सगळे मागतात. बँक खात्याचा तपशील असलेला कागद 'रीब'.

बेकरी, आणि लाईनीत कान लावून उभं राहणं

तिकडे बाहेर पडल्यावर पहिला शब्द बोंझूर. दुकानात शिरताना, बसमध्ये चढताना ड्रायव्हरला, डॉक्टरच्या वेटिंग रूममध्ये बसलेल्या अनोळखी लोकांना पण. आपण थेट 'भैया, एक ब्रेड द्या' अशा सवयीचे, तिकडे बोंझूर न म्हणता मागणं म्हणजे चप्पल घालून देवघरात शिरण्यासारखं. एकाच दिवसात परत तोच माणूस भेटला तर 'रबोंझूर', परत नमस्कार.

आता खरी युक्ती. लाईनीत उभे असताना फोन खिशात ठेवा आणि पुढचा माणूस काय बोलतो ते चोरा. अगदी शब्दशः चोरा. मी 'झ व्हुद्रे' म्हणजे 'मला हवं होतं' असं पुस्तकी मागायची, पुढचे लोक 'झ व्हे प्राँद्र' म्हणायचे, 'मी घेते'. दोन दिवसांनी मीपण तेच. मग लक्षात आलं की बरेच जण नुसतं बागेत मागतच नाहीत, 'यून त्रादिस्यों' मागतात. फ्रान्समध्ये १९९३ च्या सरकारी आदेशाने पारंपरिक ब्रेडची व्याख्या ठरवलीय, त्यात कुठलीही ॲडिटिव्ह घालायची नाहीत आणि पीठ फ्रीझ करायचं नाही, त्या ब्रेडला बोलताना 'त्रादिस्यों'. थोडा महाग पण चवीत जमीन-अस्मानाचा फरक. वर 'ब्यँ क्वीत' म्हणजे छान खरपूस भाजलेली, 'पा त्रो क्वीत' म्हणजे कमी भाजलेली. हे शब्द पुस्तकात नव्हते, सगळे लाईनीत मिळाले.

घरी आलात की लगेच, चहा ठेवायच्या आधी, तो पूर्ण संवाद वहीत उतरवा. शब्द नाही, संवाद. त्याने काय विचारलं, तिने काय उत्तर दिलं. कळलं नसेल तर जसं ऐकू आलं तसं लिहा, 'आव्हेकससी' असं एका शब्दात लिहिलंत तरी चालेल, संध्याकाळी कुणालातरी विचारा.

पैसे देताना बिल मागून घ्या. १ ऑगस्ट २०२३ पासून फ्रान्समध्ये छापील बिल आपोआप देत नाहीत, मागावं लागतं, म्हणून काउंटरवर 'व्हू व्हुले ल तिके?' असं विचारतात. 'वी, झ व्ह ब्यँ', म्हणजे हो, द्या, म्हणा. सुपरमार्केटचं बिल घेऊन घरी ओट्यावर वस्तू मांडायच्या आणि बिलाशी जुळवायच्या, अर्धे शब्द कापलेले असतात त्यामुळे कोडं सोडवल्यासारखं होतं, आणि त्यातूनच डोक्यात राहतात. मी एक महिना केलं, त्यानंतर गरज पडली नाही.

आकडे वेगळे काढा

आकडे येतात असं प्रत्येकाला वाटतं, कारण एक ते शंभर म्हणता येतात. म्हणणं वेगळं, कानावर पडल्यावर कळणं वेगळं. ७० म्हणजे साठ-दहा, 'स्वासाँत-दीस'. ८० म्हणजे चार-वीस, 'कात्र-व्हँ'. ९० म्हणजे चार-वीस-दहा. कुणी फोन नंबर सांगायला लागला (ते दोन-दोनच्या जोड्यांनी सांगतात) की तुम्ही 'स्वासाँत' ऐकून ६० लिहिता आणि मागून 'कँझ' येतो, म्हणजे पंधरा, म्हणजे ते ७५ होतं, तोवर पुढची जोडी निघून गेली.

याला हसायच्या आधी आपली भाषा आठवा. एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, आणि शंभरपर्यंतचा प्रत्येक आकडा वेगळा पाठ करावा लागतो, बिचारे मराठी शिकणारे. आणि विसाने मोजणं आपल्याला परकं नाहीच. माझी आजी नारळ मोजताना 'तीन ईसा नि दहा' म्हणायची, म्हणजे सत्तर. ८० म्हणजे चार कोड्या. मी ९० ला मनात 'चार कोड्या नि दहा' असं म्हणायला लागले आणि आठवड्यात गाडी रुळावर आली. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडवाल्यांनी शहाणपणा करून ७० ला 'सेप्ताँत', ९० ला 'नोनाँत' ठेवलंय, तिकडे शिकायला जाणार असाल तर ही पायरी तुम्हाला निम्मी माफ.

सराव कसा, तर रोज दहा मिनिटं, कुणाकडून तरी फोन नंबर बोलून घ्यायचे नि लिहायचे. रूममेट नसेल तर फोनच्या मशीनी आवाजाकडून. आणि किमतींसाठी एक जोडी खास घोटा, दोन युरो 'दझरो' आणि बारा युरो 'दूझरो'. बाजारात मी टोमॅटोला बाराची नोट-नाणी काढून दिली, त्या माणसाने हसत दहा परत केले. प्रत्येक जण इतका सज्जन असेलच असं नाही.

बाजार आणि किचन

इथे मी जरा रेंगाळणार, कारण माझे निम्मे शब्द इथलेच आहेत. लिओंमध्ये क्र्वा-रूसच्या टेकडीवर सोमवार सोडून रोज सकाळी बाजार भरतो. सुपरमार्केटमध्ये एक शब्द न बोलता महिना काढता येतो, म्हणूनच बाजारात जायचं. तिथे लाईन नसते, घोळका असतो, आणि विक्रेता ओरडतो 'से-ता-की?', कुणाचा नंबर? लगेच 'से-ता-म्वा!' म्हटलं नाहीत तर मागून आलेली आजी घेऊन जाते. अर्धा किलोला 'यून लीव्र', जुडीला 'यून बॉत'. कोथिंबिरीची जुडी, 'यून बॉत द कोरियाँद्र'.

मी कोकणातली, त्यामुळे माझे पाय आपोआप मासळीच्या टेबलाकडे. तिथे उभी राहून प्रत्येक पाटीवरचं नाव वाचायचे आणि मनात जोडी लावायचे. 'माकरो' म्हणजे बांगड्याचा भाऊ, 'क्रव्हेत' कोळंबी, 'कालामार' माकूल, 'मूल' म्हणजे शिनाणे, 'वीत्र' म्हणजे कालवं, जी ते लिंबू पिळून कच्चीच खातात, आई हे ऐकून दोन दिवस अस्वस्थ होती. तुकडीला त्यांच्याकडे स्वतंत्र शब्द आहे, 'दार्न', आडवी कापलेली. काट्याला 'आरेत'. साफ करून हवी असेल तर 'व्हू पूव्हे ल व्हिदे?', पोट साफ करून द्याल का? हे वाक्य मी पहिल्यांदा न अडखळता बोलले तेव्हा त्या बाईने पुढचं काहीतरी भराभर विचारलं, खवलं काढू का, डोकं ठेवू का, आणि मला सगळं कळलं, कारण आमच्या बाजारातली मावशी याच क्रमाने हेच विचारते. जिथे पुढचा प्रश्न काय येणार हे तुम्हाला आधीच माहीत असतं तिथे भाषा सगळ्यात लवकर येते. तुमचं जे क्षेत्र असेल, क्रिकेट नाही चालणार तिकडे, पण सायकल, गिटार, शिवणकाम, तिथून सुरू करा.

शाकाहारी लोकांनी एक शब्द विमानातच पाठ करावा, 'लार्दों'. डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे, ते सॅलडमध्ये असतात, कीशमध्ये (अंडं-क्रीम घालून भाजलेला खारा पाय) असतात, कुठेही असतात. माझी सांगलीची रूममेट 'व्हेजेतारिएन' एवढं सांगून निर्धास्त होती, एका घरगुती जेवणात तिला भाजीची म्हणून जी कीश वाढली त्यात ते निघाले. वाढणाऱ्या काकूंच्या हिशोबी मांस म्हणजे मोठा तुकडा, हे तर नुसतं चवीला. म्हणून नुसतं लेबल सांगू नका, विचारा, 'इल्या द ला व्हियाँद ददाँ? दे लार्दों?', आत मांस आहे का, लार्दों आहेत का.

आपल्या स्वयंपाकासाठी : मसूर डाळ 'लाँतीय कोराय', बेसन 'फारीन द प्वा शीश', हळद 'क्युर्क्युमा', जिरं 'क्युमँ', भेंडी 'गोंबो'. ताकासाठी 'ले फेरमाँते', अरब दुकानांत नक्की मिळतं, लिओंत गियोतिएर भागात अशी दुकानं भरपूर. 'समूल' म्हणजे रवा, पण नुसतं समूल मागितलंत तर कुसकुसचं पाकीट हातात येईल, 'समूल फीन' सांगा. कणकेचं सांगते, पिठाच्या पाकिटावर 'ते', म्हणजे T अक्षर, आणि आकडा असतो, आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. ते ५५ मैद्यासारखं, ते १५० पूर्ण कोंड्याचं, पोळ्यांना मला ते ११० जमलं. मिरचीच्या बाबतीत तीन शब्द भांडतात, 'पिमाँ' तिखट मिरची, 'प्वाव्हरों' ढोबळी, 'प्वाव्र' मिरी.

आणि अंडी. एक अंडं 'अँ-नफ', अनेक अंडी 'दे-झ'. दोन्हींत ऐकायला एकसुद्धा आवाज सारखा नाही, कारण मागच्या शब्दाचं शेपूट पुढच्याला चिकटतं आणि अनेकवचनात स्वतःचा 'फ' गळून पडतो. म्हणूनच परत सांगते, सुटा शब्द पाठ करू नका, वाक्यात जसा येतो तसा घ्या.

इंग्लिशसारखे दिसणारे शब्द

यांची वहीत वेगळी दोन पानं ठेवा, लाल पेनने. 'लिब्रेरी' म्हणजे पुस्तकांचं दुकान, ग्रंथालय 'बिब्लियोतेक', युनिव्हर्सिटीच्या ग्रंथालयाला सगळे 'बे-यू' म्हणतात. 'रेझँ' म्हणजे ताजी द्राक्षं, मनुका नाही. 'मोने' म्हणजे सुटे पैसे. 'कार' म्हणजे लांब पल्ल्याची बस. परीक्षा 'पासे' करणं म्हणजे नुसतं परीक्षेला बसणं, पास होण्याला 'रेउसीर', हे माहीत नसलं की आनंदाच्या बातम्या फार लवकर घरी कळवल्या जातात. मार्क वीसपैकी असतात, १० ला पास, १४ मिळाले तर रडू नका, ते चांगले समजतात. आणि 'प्रेझेर्व्हातिफ'. आमच्या वर्गातल्या एकाने बाजारात जॅम विकणाऱ्या आजींना विचारलं की यात प्रेझेर्व्हातिफ आहे का. ते म्हणजे कंडोम. त्याला म्हणायचं होतं 'कोंसेर्व्हातर'.

आजारी पडायच्या आधी

ही पायरी ताप आल्यावर करता येत नाही. घसा दुखतोय 'झे माल आ ला गोर्झ', पोट दुखतंय 'झे माल ओ व्हाँत्र', सर्दी 'र्‍यूम', ताप 'फिएव्र'. हिरव्या क्रॉसच्या दुकानात खोकल्याचं औषध मागितलंत की हमखास विचारणार 'तू सेश ऊ तू ग्रास?', कोरडा की कफाचा. पॅरासिटामॉलला तिकडे सगळे 'दोलिप्रान' म्हणतात, आपण क्रोसिन म्हणतो तसं. चिठ्ठी 'ओर्दोनाँस', दिवसातून तीनदा 'त्र्वा फ्वा पार झूर'. ॲम्ब्युलन्ससाठी १५, फायर ब्रिगेड १८, पोलीस १७, आणि काहीच आठवलं नाही तर ११२.

बोलताना जे गळतं ते

साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात एक निराशा येते, दुकानं जमली, पण वर्गातली मुलं आपसात बोलतात ते अजिबात कळत नाही. दोष तुमचा नाही, ते वाक्यं गिळतात. 'मला माहीत नाही' हे पुस्तकात 'झ न से पा', त्यांच्या तोंडात 'शे पा'. 'मी आहे' चं 'श्वी'. 'आहे' साठीचं 'इल्या' नुसतं 'या'. आपण तरी 'काय करतो आहेस' म्हणतो का, 'काय करतोयस' म्हणतो. यासाठी वहीत 'बोलीतलं' असं एक पान करा. 'द्यू कू' म्हणजे 'मग', आणि ते प्रत्येक दुसऱ्या वाक्यात असतं. 'त्र्यूक' म्हणजे आपलं 'ते हे', नाव आठवत नसलेली कुठलीही वस्तू, नवशिक्याला यापेक्षा उपयोगी शब्द नाही. आणि अक्षरं उलटी करायची त्यांची भाषा आहे, आपल्या लहानपणच्या 'च'च्या भाषेसारखी, पण मोठेही बोलतात : 'लूश' म्हणजे संशयास्पद, त्याचं उलटून 'शलू', 'फू' म्हणजे वेडा, त्याचं 'ऊफ'. कळले पाहिजेत, वापरायची घाई नको.

तू आणि तुम्हीचा प्रश्न आपल्याला पडत नाही, 'त्यू' आणि 'व्हू', इंग्लिशवाल्यांना घाम फुटतो तो. फक्त आपलं नातं वयावर चालतं, त्यांचं ओळखीवर. वर्गातल्या मुलाला पहिल्या मिनिटापासून 'त्यू', दुकानातल्या विशीतल्या पोरालाही 'व्हू'.

कानासाठी रेडिओ, एर-एफ-ई (RFI, रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनल) चं 'ल झुर्नाल आँ फ्राँसे फासील', दहा मिनिटांच्या सोप्या फ्रेंचमधल्या बातम्या, ट्रॅममध्ये जाता-येता. पहिल्यांदा नुसतं ऐका, दुसऱ्यांदा लिखित मजकूर वाचत ऐका. आणि आता आंकी ॲप, म्हणजे शब्दांच्या चिठ्ठ्या परतपरत विचारणारं ॲप, आता म्हणजे वहीत दोनशे-तीनशे नोंदी झाल्यावर, त्याही फक्त स्वतःच्या. दुसऱ्याने बनवलेले पाच हजारांचे गठ्ठे डाउनलोड करू नका, त्यात परत जिराफ येतो. रोज दहाच नवीन, एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी वीस नाही करायचे.

दोन अडथळे सांगते. एक, तुम्ही अडखळलात की समोरचा मदत म्हणून इंग्लिशवर येतो. तेव्हा 'झ प्रेफेर पार्ले फ्राँसे, सी सा न व्हू देराँझ पा', त्रास नसेल तर फ्रेंचच बोलूया, आणि 'प्ल्यू लाँतमाँ', जरा हळू. बहुतेक जण खूश होतात. दुसरा अडथळा आपलीच माणसं. आम्ही आठ भारतीय एका मजल्यावर, डाळ-भात, हिंदी, रात्री पत्ते, सहा महिने कसे गेले कळलं नाही आणि माझी फ्रेंच काही बेकरीच्या पुढे सरकली नव्हती. घर तोडायला नको, पण आठवड्यातले दोन ठरलेले तास असे ठेवा जिथे दुसरा भारतीय नाही. मी शिवणकामाच्या एका ग्रुपला जायचे, सगळ्या साठीच्या बायका, कात्री-दोरा-सुई मागता मागता वर्षभरात त्यांच्या सुनांबद्दलच्या तक्रारीपण कळायला लागल्या.

घर सोडताना

दुसऱ्या घराचा ताबा घेताना मी 'एता दे ल्य'ला दीड तास लावला. माणूस घड्याळ बघत होता, मी वाकून ओट्याखाली बघत होते. बेसिनचा तडा, व्होलेची तुटलेली पट्टी, बेडरूमच्या भिंतीवर खिडकीखाली हाताएवढा ताश, सगळं लिहून घेतलं, आठवड्याने अजून दोन गोष्टी सापडल्या त्या मेल करून घातल्या. दीड वर्षाने सोडताना तीच पद्धत, दुसरा माणूस आला, भिंतीपाशी थांबला, बोट ठेवलं आणि म्हणाला 'या यून ताश'. मी म्हटलं 'वी, एल एते देझा ला', हो, तो आधीपासूनच होता, 'पाझ त्र्वा', पान तीन. त्याने पान उलटलं, वाचलं, 'आ वी, दाकोर', आणि बाथरूमकडे वळला.